खापरासमोरची जागा

एक काळ असा होता की सकाळी उठल्यावर मी आधी हाताला टाचणी टोचून पाहायची. चूळसुद्धा त्यानंतर. न्हाणीघराचं दार लावून घ्यायचं, पदराची टाचणी काढायची, डोळे मिटायचे आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो पांढरट चट्टा होता त्यावर टोचायचं. दुखलं की जीव भांड्यात पडायचा. नीट दुखलं नाही असं वाटलं की पुन्हा टोचायचं, जरा जोरात. रक्ताचा थेंब आला तरी समाधान होत नसे. मला महारोग झालाय असं माझ्या सासरच्या भाऊबंदकीतल्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या टाचणीच्या दिवसांत मलाही तसंच वाटू लागलं होतं.

ही ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहत होतो. यजमान एका सरकारी कचेरीत कारकून होते. सासरचं घर पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यात. तिथे थोरले दीर आणि जाऊबाई शेती बघायचे, कापूस आणि थोडी केळी. जाऊबाईंना मी अक्का म्हणायची. मी जळगाव शहरात वाढलेली, त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं त्या घरात मी ‘शहरनी पोर’ होते. मला गोवऱ्या थापता येत नाहीत, मला अहिराणी बोलता येत नाही, मी चहा फार गोड करते, सगळ्याची थट्टा व्हायची. मी तेव्हाही चिडकीच होते, पण सासरी चिडायची सोय नव्हती.

मग मी मांडे शिकले. मांडे म्हणजे आमच्या खानदेशातली पुरणपोळी, पण ती पोळपाटावर लाटायची नाही. कणीक पाणी लावलावून, आपटून आपटून इतकी तिंबायची की ती तारेसारखी लांबली पाहिजे. पुरण भरलेला गोळा थोडा थापून दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत वाढवायचा. मनगटापर्यंत येतो, मग कोपरापर्यंत. शेवटी चुलीवर उपड्या घातलेल्या खापरावर, म्हणजे मातीच्या मोठ्या भांड्याच्या पाठीवर, तो अलगद टाकायचा. फाटला तर पुरण जळतं आणि घरभर वास सुटतो, म्हणजे लपवायचीही सोय नाही. सासूबाईंनी मला हे शिकवलं आणि त्या गेल्यावर खापरासमोरची जागा माझी झाली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या भाऊबंदांच्या बायका आमच्या अंगणात जमायच्या. कणीक कुणी तिंबो, पुरण कुणी वाटो, खापरासमोर मी बसायची. त्या दिवशी मला कुणी शहरनी पोर म्हणत नसे. माझं त्या घरात जे काही होतं ते त्या एका जागेवर होतं, म्हणून हे एवढं सविस्तर सांगितलं.

पन्नाशी जवळ आली तेव्हा अंगठा दुखायला लागला. अंगठ्याचं टोक नव्हे, खाली मनगटाजवळ जिथे तो हाताला जोडलेला असतो तिथे. कपडे पिळताना कळ निघायची. कुलपात किल्ली फिरवताना, स्टोव्हला पंप मारताना, डब्याचं झाकण उघडताना कळ निघायची. सकाळी बोटं जरा आखडलेली असत, चहा होईपर्यंत सुटत, आणि दिवसभराच्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा ठणकायला लागत. मग बोटांच्या शेवटच्या पेरांवर, नखांच्या मागे, टणक गाठी आल्या. आधी तर्जनीवर, मग मधल्या बोटावर. त्या लाल व्हायच्या, दुखायच्या, मग दुखणं कमी व्हायचं आणि गाठ तशीच राहायची. पेरं हळूहळू तिरकी झाली. कासारीण बांगड्या भरायला आली की तिनं अंगठा आत दाबला रे दाबला, मी ओरडायची. ती म्हणायची, “बाई, हात आधी मऊ होता तुमचा.” मी तिला म्हटलं, हात कापून दे, मग भर.

जळगावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच हात पाहिला आणि म्हणाले, संधिवात. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि वांगं, दही, आंबट, केळं बंद करायला सांगितलं. जळगावात राहून वांगं आणि केळं बंद! थंडीत गल्लीत घरोघर भरीताची वांगी भाजली जायची आणि मी दूधभाकरी कुस्करून खायची. तीसुद्धा धड कुस्करता येत नव्हती. गोळ्यांनी पोटात आग पडायची. वर्षभर मी वांग्याला शिवले नाही आणि गाठींना त्याचं काहीएक वाटलं नाही.

त्या दिवाळीला गावी गेले तेव्हा अक्कांनी माझा हात पाहिला. मी लपवत होते, पण दिवाळीच्या कामात हात कुठे लपतो? त्यांनी माझं मनगट धरलं आणि उजेडात नेलं.

“आवं माय, हाई काय व्हयनं तुना हातले?” त्या म्हणाल्या. “वात शे हाऊ. डॉक्टरना नादले लागू नको. बिब्बा घालू. मना गुडघा देख, कशी पयस आते मी.”

बिब्बा घालणं आमच्याकडे नवं नाही. अक्कांनी स्वतःच्या गुडघ्यालाही घातला होता आणि त्यानंच आता पळता येतं असं त्या सांगत. बिब्बा दाभणाला टोचून चुलीवर धरायचा, काळं तेल गळायला लागलं की दुखऱ्या जागेवर लावायचं. अक्कांनी प्रत्येक गाठीवर ठिपका दिला आणि अंगठ्याच्या बुडाशी तर अख्खं कडंच काढलं. इतक्या मायेनं लावत होत्या की मला रडू आलं. सासूबाई गेल्यापासून माझा हात असा कुणी हातात धरला नव्हता. मी विचारलं, “उतणार तर नाही ना?” त्या म्हणाल्या, “उतनं बी जरासं, तरी घाबरू नको.”

तो जरासा उतला नाही. जळगावला परत येईपर्यंत हात फुगून लाल झाला, पाण्यानं भरलेले फोड आले, ते फुटले, त्यात पू झाला. कितीतरी आठवडे यजमानांनी स्वयंपाक केला, म्हणजे खिचडी केली. जखमा भरल्या तेव्हा कातडी काळी पडेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. माझी पांढरी पडली. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा फिकट चट्टा, आणि बोटांच्या गाठींवर छोटे छोटे. दुखणं जिथल्या तिथे होतं.

मी एवढं मनावर घेतलं नाही. चट्टे तर चट्टे, असं म्हणून वैशाखात आखाजीला गावी गेले. अंगठा ठणकत होता, पण खापरासमोर बसल्यावर मला एरवीही दुखणं आठवत नसे. मी पदर खोचला, हातांना तेल लावलं आणि गोळा घ्यायला हात पुढे केला. समोर आमच्या चुलतसासूबाई बसल्या होत्या. भाऊबंदकीतल्या सगळ्यात थोरल्या, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“हातवर चट्टा कसाना शेतस व?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बिब्ब्याचे आहेत. त्या म्हणाल्या, बिब्ब्यानं काळं होतं, पांढरं नाही. मग म्हणाल्या, “आनि बोटं बी वाकडी व्हयनीत.”

वाकडी बोटं आणि पांढरे चट्टे म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. गावच्या शाळेच्या भिंतीवर सरकारनं महारोगाची चित्रं रंगवून ठेवली होती, येता-जाता सगळ्यांनी पाहिलेली. मी अक्कांकडे पाहिलं. त्या पुरण वाटत होत्या. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता, मीच घातला बिब्बा, एवढाच. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या, माझ्या पुढ्यातलं गोळ्यांचं ताट उचललं आणि खाली मान घालून म्हणाल्या, “तू राहू दे आज. तू तठे ओसरीवर बठ.”

मी ओसरीवर बसले. मला रसाचे आंबे पिळायलाही कुणी दिले नाहीत. जेवताना मला वेगळी पंगत नव्हती, तसं उघड कुणी केलं नाही, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली आणि मी प्यालेला तांब्या कुणीतरी बाजूला नेऊन राखेनं घासला. मी पाहिलं. मी घासावर घास गिळत राहिले. यजमान पुरुषांच्या पंगतीत होते, त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि मला सांगायला तोंड नव्हतं.

त्यानंतर टाचणी सुरू झाली. महारोगात चट्ट्याला संवेदना नसते, हे भिंतीवरच्या चित्राखाली लिहिलेलं होतं. म्हणून टोचून पाहायचं. स्टोव्हवरून तवा फडक्याशिवाय उतरवून पाहायचा, चटका बसतो का. पण गंमत अशी की रोज टोचून टोचून ती जागा बधिर झाल्यासारखी वाटायला लागली. मग माझी पाचावर धारण बसायची. मी शेजारणींकडे जाणं बंद केलं. हळदीकुंकवाची बोलावणी आली की डोकं दुखतंय म्हणायची. भाजीवाल्याच्या हातात सुटे पैसे न देता टोपलीच्या कडेवर ठेवायची. देवळासमोर बसणारी, हात झडलेली माणसं मला त्या काळात स्वप्नात यायची. मी आयुष्यभर त्यांच्यापासून दोन पावलं लांबून गेले होते आणि आता मला वाटायचं, उद्या मला तिथे बसायला जागा देतील का. असले विचार करून मी दुपारी एकटीच मोठ्यानं रडायची.

पाण्यात उडी टाकावी असंही मनात आलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मेहरूणच्या तलावावर मी संध्याकाळी जायची ती हवा खायला जाते असं यजमानांना वाटे.

यजमानांना कळलं ते माझ्या पोलक्यामुळे. त्या पावसाळ्यात हात इतके दुखायला लागले की मला हुक लावता येईनात. हुक चिमटीत धरायला अंगठा आणि बोट एकमेकांवर दाबावं लागतं आणि तेवढंच नेमकं होत नव्हतं. एका सकाळी मी अर्धा तास झटापट केली, मग तशीच पाटावर बसून राहिले. ते आत आले. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी त्यांनी माझ्या पोलक्याला हात लावलेला नव्हता. ते खाली बसले आणि एकेक हुक लावायला लागले. त्यांची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. मी म्हटलं, “मला शिवू नका.” ते म्हणाले, “का?” मग मी सगळं सांगितलं. आखाजी, तांब्या, टाचणी, सगळं.

ते रागावले नाहीत. शेवटचा हुक लावून उठले आणि म्हणाले, “उद्या रजा टाकतो. धुळ्याला जाऊ.”

धुळ्याला अशासाठी की जळगावात डॉक्टरच्या दारात कुणी ओळखीचं भेटलं असतं. एस.टी.त एरंडोल, पारोळा करत मी हात पदरात गुंडाळून बसले होते. धुळ्यात हाडांचे एक डॉक्टर होते, कचेरीतल्या कुणीतरी सांगितलेले. त्यांच्या खोलीत गेल्यावर मी खुर्चीत बसायच्या आधीच म्हटलं, “डॉक्टर, मला महारोग आहे का तेवढं सांगा. बाकी मला काही नको.”

त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. अगदी सहज. मी हात मागे ओढला तर म्हणाले, “अहो, बघू तरी द्या.” मग त्यांनी प्रत्येक गाठ दाबली. अंगठा धरून तो बुडाशी दाबत गोल फिरवला तेव्हा मला ब्रह्मांड आठवलं आणि आतून खरखर असा आवाज आला, तो त्यांनाही जाणवला. सकाळी बोटं किती वेळ आखडतात, मनगटं सुजतात का, बोटांची मधली आणि मुळाची पेरं सुजतात का, ताप येतो का, आईचे हात कसे होते, असं बरंच विचारलं. आईचे? मी विचारात पडले. आईची बोटं अशीच होती. गाठीगाठींची, तिरकी. लहानपणी मी त्या गाठी मोजत झोपायची. मला ते कधी आठवलंच नव्हतं.

मग त्यांनी कापसाची बारीक वात केली आणि म्हणाले, “डोळे मिटा. मी टेकवलं की सांगा.”

मी डोळे मिटले. कापूस चट्ट्यावर टेकला. मी म्हटलं, “कळलं.” पुन्हा टेकला. “कळलं.” बोटांवर, गाठींवर, अंगठ्याच्या बुडाशी. प्रत्येक वेळी कळलं. टाचणीपेक्षा तो कापूस मला जास्त नीट कळत होता. कोपराच्या आतली, कानामागची नस त्यांनी चाचपली, अंगावर दुसरीकडे कुठे चट्टे आहेत का ते विचारलं. मग म्हणाले, “महारोग नाही. हे डाग भाजल्याचे आहेत. काय लावलं होतं? बिब्बा?”

मला हुंदका फुटला. यजमान बाहेर बसले होते ते धावत आत आले.

दोन्ही हातांचे एक्स-रे काढले, रक्त तपासलं. दुपारनंतर डॉक्टरांनी फोटो दिव्यावर लावून दाखवला. बाकीच्या हाडांच्या मध्ये काळी फट दिसत होती. अंगठ्याच्या बुडाशी फट नव्हती, हाडावर हाड बसलं होतं आणि कडेनं काटे फुटले होते. “इथली गादी झिजलीय,” ते म्हणाले. “आमवात नाही. आमवातात सकाळी तासन्‌तास हात आखडतो, मुळाची पेरं सुजतात, रक्तातही बऱ्याचदा सापडतं. ही झीज आहे. आईकडून येते, वयानं येते आणि हातावर फार जोर देणाऱ्यांना जास्त छळते. वांगं खा, केळं खा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

मी विचारलं, “बरं कधी होईल?”

त्यांनी फोटोमागचा दिवा बंद केला. “बाई, महारोग असता तर गोळ्या देऊन मी तो बरा केला असता. आता त्याची औषधं चांगली आहेत. हे बरं होत नाही. सांभाळायचं असतं.”

सकाळपासून मी देवाला जे मागत होते ते मला मिळालं होतं. आणि मी तिथे बसून विचार करत होते की दुसरं मिळालं असतं तर बरं झालं असतं. कुणी ऐकलं तर वेडी म्हणेल, पण तो विचार आला होता हे खरं आहे.

सांभाळायचं म्हणजे काय ते त्यांनी बसून समजावलं. अंगठ्याला आधार देणारी पट्टी करून दिली, काम करताना ती बांधायची. मेणबत्तीचं मेण गोड्या तेलात वितळवायचं, निवत आलं आणि वर साय धरली की हात बुडवून काढायचा, शेकून निघतो. नंतर बोटांचे हलके व्यायाम. गोळी रोज नाही, फारच झालं तर आणि जेवल्यावरच. लाटण्याला, झाऱ्याला, विळीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड करायची म्हणजे चिमटीवर ताण येत नाही. भांडं बोटांनी नाही, दोन्ही तळव्यांवर उचलायचं. पिळायचं नाही. तिंबायचं नाही. मी म्हटलं, “तिंबायचं नाही तर नवऱ्याला काय हा फोटो वाढू ताटात?” ते हसले. मग मी हळूच विचारलं, “मांडे?”

ते धुळ्याचेच होते, त्यांना मांडे सांगावे लागले नाहीत. त्यांनी दोन्ही हात हवेत धरून तसे फिरवून पाहिले, कोपरापर्यंत. मग मान हलवली. “ते सोडा आता. त्यात सगळं वजन याच सांध्यावर येतं. ते केलंत तर हा अंगठा उरणार नाही.”

त्या थंडीत मी भरीत खाल्लं, पोट भरून खाल्लं. मेणात हात बुडवले, पट्टी बांधली, पोलक्याचे हुक काढून पुढे मोठी बटणं लावून घेतली. ठणका कमी झाला, गेला नाही. यजमानांनी गावी जाऊन दिरांना सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते अगदी शब्दाशब्दानं सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, “सगळ्यांना हायसं वाटलं. वहिनी तर रडल्या. आखाजीला बोलावलंय तुला, खापरावर तूच बसायचंस म्हणतात.”

मी अंगठ्याच्या पट्टीवर हात ठेवला.

“नाही म्हण,” ते म्हणाले. “मीच सांगतो त्यांना.”

“काय सांगाल? झीज आहे म्हणून बसत नाही? झीज म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही. म्हणतील, नुसती झीज तर बसायला काय झालं? काहीतरी आहेच.”

बसले तर हात जाणार आणि नाही बसले तर मी पुन्हा ओसरीवर. मी महिनाभर त्यावर डोकं आपटलं. आखाजीच्या सकाळी गावच्या घरी मी अंगठ्याची पट्टी सोडली आणि पिशवीत टाकली, कारण पट्टी दिसली असती तर कुणालातरी वाटलं असतं खाली जखम आहे.

अंगणात सगळ्या होत्या. चुलतसासूबाईंनी माझा हात धरून सगळ्यांना दाखवला. “देखा व माय, काही नही निंघनं. नुसती झीज शे. झीज ते बठ्ठासले व्हस. बठ, बठ खापरवर.”

मी बसले. सगळ्यांनाच होणारी झीज, तिचं काय एवढं! पहिला गोळा हातावर घेतला तेव्हाच अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली. मी दात आवळले आणि तो फिरवत राहिले. तो वाढला, मनगटावर आला, कोपरावर आला, खापरावर पडला, फाटला नाही. बायका म्हणाल्या, वा. मग दुसरा. पुढचे मला आठवत नाहीत. घामानं पोलकं भिजलं, ते चुलीमुळे असं सगळ्यांना वाटलं. चुलतसासूबाई म्हणाल्या, वर्षभर या मांड्यांवाचून तोंडाला चव नव्हती. मला त्यांच्या तोंडात निखारा घालावासा वाटला आणि मी हसले. मध्येच कधीतरी अंगठा दुखायचा थांबला, म्हणजे तो माझा आहे असंच वाटेना. तरी मी शेवटच्या गोळ्यापर्यंत बसून राहिले. एकही फाटला नाही.

पुरुष जेवले, मुलं जेवली, मग आम्ही बसलो. आज माझ्या शेजारची जागा रिकामी नव्हती, दोन्ही बाजूंना बायका चिकटून बसल्या होत्या. ताटात माझाच मांडा चौघडी करून ठेवलेला, वाटीत आमरस. सगळ्या जेवायला लागल्या. मी हात मांड्यावर ठेवला. बोटं जवळ येईनात. डाव्या हातानं पाहिलं, त्याचीही येईनात. मी हात काढून मांडीवर ठेवले आणि ताटाकडे पाहत बसले.

अक्का वाढत होत्या. त्यांनी पाहिलं. पुरणाचं पातेलं खाली ठेवून त्या माझ्यापुढे उकिडव्या बसल्या. माझ्या हातांकडे पाहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “तो बिब्बा मीच घालेल व्हता.”

पंगतीत एक-दोघींनी वर पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “मंग इतलंसंच व्हतं का!” आणि रसाची वाटी पुढे केली. आता त्याचं कुणाला काही राहिलं नव्हतं.

“तेव्हा का नाही बोललात?” मी विचारलं.

“मना गुडघावर काळा डाग पडना व्हता. तुले पांढरा पडना.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या. “माले बी भेव वाटनं व माय. मी तुना हात धरेल व्हता ना.”

त्यांनी माझ्या ताटातला मांडा तोडला, आमरसात बुडवला आणि घास माझ्या तोंडाजवळ धरला. “खाय,” म्हणाल्या. मला तो हात झटकून टाकायचा होता. सगळ्या पंगतीदेखत, रस अंगणभर उडेल असा झटकून टाकायचा होता. पण माझे हात मांडीवर पडले होते ते उचलत नव्हते, आणि सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी तोंड उघडलं.